ज्याचे नाव तेलाला मिळाले

थोर पुरुषांची नावे बहुधा पुतळ्यांखाली, रस्त्यांच्या पाट्यांवर किंवा ग्रंथांच्या पहिल्या पानावर आढळतात. एक नाव मात्र असे आहे की, ते आमच्या आदिलाबादेत प्रत्येक तेलपंपावर लिहिलेले असते, पैनगंगा ओलांडून पांढरकवड्याच्या रस्त्याला लागले तरी पुन्हा तेच दिसते, आणि तरीही ते एका माणसाचे नाव आहे हे वाचणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी शाळेच्या पटांगणाबाहेर पालकांच्या जीपगाड्या ओळीने उभ्या होत्या. आत नाटकाची तिसरी घंटा झाली तरी तेथील काही मंडळी जागची हलेनात. कोणाची गाडी एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाते, यावर त्यांचा वाद रंगला होता. या गोष्टीला आमच्याकडे ‘ॲव्हरेज’ म्हणतात. ‘सरासरी’ हा आपला चांगला शब्द गणिताच्या तासापुरताच उरला आहे. गाडी घेताना सांगितलेला आकडा निराळा आणि उटनूरच्या रस्त्यावर हाती येणारा आकडा निराळा, अशी एका गृहस्थांची तक्रार होती. दुसऱ्या दिवशी आम्ही नववीच्या वर्गात डिझेल म्हणजे काय, असे विचारले. सर्वांनी एकमुखाने तेल असे उत्तर दिले. डिझेल म्हणजे कोण, असे विचारताच वर्ग हसला.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रशास्त्रात आमची गती बेताचीच. आमची मायबोली कोकणी, आणि आमच्या किनाऱ्यावर हे यंत्र मासेमारीच्या होड्यांतून ठकठकत असे, त्या आवाजाखेरीज त्याची आम्हांला ओळख नव्हती. परंतु या माणसाचे चरित्र वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की, पटांगणाबाहेर जो वाद चालला होता, तोच वाद त्याने स्वतःशी जन्मभर घातला होता.

रुडॉल्फ डिझेल याचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरी झाला. आईबाप मूळचे जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे. वडील थिओडोर हे चामड्याच्या वस्तू तयार करीत, आणि तयार झालेला माल गिऱ्हाइकांच्या घरी पोचविण्यासाठी लहानगा रुडॉल्फ हातगाडी ढकलीत रस्तोरस्ती हिंडे. सवड मिळाली की तो शहरातील यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन बसे. तेथे कुन्यो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने अठराव्या शतकात बनविलेली वाफेची गाडी ठेवलेली होती. घोड्यावाचून चालणारी ती जाडजूड, बोजड गाडी पाहत आणि तिची चित्रे काढीत या मुलाचे तासचे तास जात.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमधील जर्मन कुटुंबांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले, तेथे हालअपेष्टा फार झाल्या. अखेर बारा वर्षांच्या रुडॉल्फला त्याच्या नातलगांकडे, जर्मनीतील आउग्सबुर्ग गावी, धाडून देण्यात आले. युद्धाच्या धामधुमीत तो मुलगा एकटाच एवढा प्रवास करून गेला. तेथील उद्योगशाळेत गणित शिकविणारे बार्निकेल नावाचे गृहस्थ त्याचे पालक झाले. चौदा वर्षांचा होताच आपण अभियंता होणार, असे त्याने आईवडिलांना पत्राने कळवून टाकले. पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या तंत्रविद्यालयात दाखल झाला.

तेथे कार्ल फॉन लिंड हे त्याचे गुरू होते. यांत्रिक शीतकरणाच्या विद्येचे प्रवर्तक म्हणून या लिंड यांचे नाव घेतले जाते. १८७८ सालच्या सुमारास वर्गात वाफेच्या यंत्राविषयी व्याख्यान चालू होते. लिंड यांनी सांगितले की, भट्टीत जाळलेल्या कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम सहा ते दहा टक्के उष्णता प्रत्यक्ष कामी येते. बाकीची वाया जाते. शंभर रुपयांचा कोळसा घ्यावा, त्यातले नव्वद रुपये धुराड्यावाटे आभाळात सोडून द्यावे, आणि उरलेल्या दहांवर गिरणी चालवावी, असा तो मामला! वर्गातील इतर मुलांनी तो आकडा उतरून घेतला आणि बहुधा विसरून गेली. रुडॉल्फने वहीच्या समासात टिपण केले, आणि तेथून पुढे पंधरा वर्षे ते टिपण त्याच्या डोक्यातून गेले नाही. मध्यंतरी विषमज्वराने त्याची परीक्षा हुकली. ती त्याने १८८० च्या आरंभी दिली आणि अत्युत्तम गुण मिळविले.

यानंतरची दहा वर्षे आम्ही भराभर सांगून टाकतो. लिंड यांच्या पॅरिसमधील बर्फाच्या कारखान्यात डिझेल यांनी नोकरी धरली, १८८३ मध्ये मार्था फ्लाशे हिच्याशी विवाह केला, तीन मुले झाली. दिवसा बर्फ आणि रात्री आपले यंत्र, असा क्रम होता. वाफेऐवजी अमोनियाच्या वायूवर चालणारे यंत्र करण्याचा त्यांनी कित्येक वर्षे खटाटोप केला आणि तो वाया गेला. परंतु त्या खटाटोपातूनच त्यांना पुढची वाट सापडली.

ती वाट कोणती, हे समजण्यासाठी सायकलीच्या पंपाची आठवण करावी. चाकात हवा भरू लागलो की पंपाचे नळकांडे तळाशी गरम होते. तेथे विस्तव नसतो, हवा दाबली गेली एवढेच कारण. पेट्रोलच्या यंत्रात इंधन आणि हवा यांचे मिश्रण दाबून त्यावर ठिणगी पाडतात. पण ते मिश्रण फार दाबले तर वेळेआधीच पेट घेते, म्हणून दाबाला मर्यादा पडते. डिझेल यांनी विचार केला की, नळकांड्यात नुसती हवाच घ्यावी, ती दट्ट्याने इतकी दाबावी की तापून लाल व्हावी, आणि मग त्या तप्त हवेत बेताबेताने तेल सोडावे. ठिणगीची गरजच नाही. दाब जितका मोठा, तितका जळालेला वायू पुढे अधिक पसरतो. जितका अधिक पसरतो, तितके त्याच्याकडून अधिक काम करून घेता येते, आणि तितकी कमी उष्णता धुराबरोबर बाहेर जाते. डिझेलच्या गाडीला तेल कमी का लागते, याचे मूळ उत्तर एवढेच आहे. ज्याला अधिक हवे त्याने आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पेट्रोलच्या यंत्रात वेग कमी करायचा तर हवेची वाटच अरुंद करावी लागते आणि यंत्राला श्वासासाठी धडपडावे लागते, डिझेलच्या यंत्रात ते बहुतांशी टळते. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा ते पंधरा टक्के अधिक उष्णता साठलेली असते.

२८ फेब्रुवारी १८९२ रोजी डिझेल यांनी पेटंटसाठी अर्ज केला, आणि पुढच्या वर्षी ते पेटंट त्यांना मिळाले. त्याच साली त्यांनी आपल्या कल्पनेवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात हवा वातावरणाच्या अडीचशे पट दाबण्याची योजना होती, आणि हिशेबाने त्र्याहत्तर टक्के उष्णता कामी येईल असा आकडा निघत होता. सहा ते दहा कोठे आणि त्र्याहत्तर कोठे! विद्वानांपैकी काहींनी वाखाणले, काहींनी हे घडणार नाही म्हणून सांगितले. आम्हांला यात विशेष वाटते ते हे की, पुस्तकाची शाई वाळते न वाळते तोच स्वतः डिझेल यांनी आपला हिशेब पुन्हा तपासला. एवढ्या दाबाचे यंत्र आपली सारी शक्ती हवा दाबण्यातच खर्च करील, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी दाब पुष्कळ उतरविला, तेल जाळण्याची रीतही बदलली, आणि त्यासाठी दुसरे पेटंट घेतले. ही दुरुस्ती मात्र त्यांनी गाजावाजा न करता केली, आणि पुढे विरोधकांनी नेमके तेच हत्यार त्यांच्यावर उगारले. मूळ पुस्तकात लिहिलेले यंत्र हे नव्हेच, असे ते म्हणू लागले. आमच्या मते चूक सुधारण्यात काही वाईट नव्हते. ती उघडपणे सांगितली असती तर पुढचा पुष्कळ मनस्ताप वाचता.

आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइन्रिख बुट्स यांनी आधी नकार देऊन मग होकार दिला. तोफांसाठी प्रसिद्ध असलेले क्रुप यांचे घराणेही भांडवल घेऊन पुढे आले. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिले यंत्र बाहेरच्या शक्तीने फिरवून त्यात इंधन सोडण्यात आले. ते पेटले खरे, परंतु दाब एकदम इतका वाढला की दाब मोजण्याचे उपकरण फुटून त्याचे तुकडे चहूकडे उडाले. डिझेल आणि त्यांचे सोबती थोडक्यात बचावले. एवढे झाले तरी इंधन ठिणगीवाचून पेटते, हे सिद्ध झाले होते.

१७ फेब्रुवारी १८९४ रोजी यंत्र पुन्हा पट्ट्याने फिरविले जात होते. लिंडर नावाचा कारागीर वर उभा राहून लक्ष ठेवीत होता. त्याला दिसले की, पट्टा यंत्राला ओढीत नसून यंत्रच पट्ट्याला ओढू लागले आहे. त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी उचलली. डिझेल यांना टोपीचा अर्थ कळला. यंत्र आपल्या बळावर एक मिनिटभर, अठ्ठ्याऐंशी फेरे फिरले होते.

एका मिनिटाचे यंत्र कामाचे व्हायला आणखी तीन वर्षे लागली. योगायोग असा की, दिवस तोच आला. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मोरित्स श्रोएटर यांनी दहा फूट उंचीच्या त्या नव्या यंत्राची परीक्षा घेतली. परीक्षेची रीत आमच्या वाचकांनी लक्षपूर्वक पाहावी. यंत्राला ठराविक ओझे जोडले, त्याने किती काम केले ते मोजले, आणि तेवढ्या वेळात किती तेल संपले ते वजनाने काढले. एका अश्वशक्तीला तासाला २३८ ग्रॅम तेल लागले. म्हणजे इंधनातील २६.२ टक्के उष्णता कामी आली होती. कागदावरचे त्र्याहत्तर कोठल्या कोठे गेले. पण हे सव्वीस तराजूतून उतरलेले होते, आणि मोजणारा माणूस यंत्राचा मालक नव्हता. त्या काळची सामान्य वाफेची यंत्रे दहाच्या आसपास घुटमळत होती. जगाने या सव्वीसवर विश्वास ठेवला.

मग पैशाचा पाऊस पडला. अमेरिकेतील मद्याचे कारखानदार अडॉल्फस बुश यांनी केवळ अमेरिका आणि कॅनडा यांच्यापुरता हक्क दहा लक्ष मार्क देऊन घेतला. डिझेल यांनी म्युनिकमध्ये मोठा वाडा बांधला. पण प्रयोगशाळेत सव्वीस टक्के देणारे यंत्र गिऱ्हाइकाच्या आवारात तसेच वागेना! केम्प्टेन येथील आगपेट्यांच्या कारखान्यात १८९८ मध्ये यंत्र बसविले, तेव्हा ते चालते ठेवण्यासाठी कारागिरांना तेथे ठाण मांडून बसावे लागले. अन्य ठिकाणांहूनही तक्रारी आल्या. आउग्सबुर्गमध्ये जे हात यंत्राची रोज मनधरणी करीत, ते हात गिऱ्हाइकापाशी नव्हते. डिझेल यांची प्रकृती ढासळली, त्यांना काही काळ आरोग्यधामात राहावे लागले. यंत्र हळूहळू सुधारले, ते बहुतांशी इतरांच्या चिकाटीने.

आमच्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांना आवडेल अशी एक गोष्ट १९०० सालची आहे. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक लहान डिझेल यंत्र शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. यंत्र खनिज तेलासाठी बनविलेले होते, त्यात काही फेरफार केला नव्हता, आणि ते इतके सुरळीत चालले की ही गंमत फारच थोड्यांच्या लक्षात आली. फ्रान्सच्या आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग मुबलक पिके, म्हणून फ्रेंच सरकारला त्यात रस होता. डिझेल यांनी पुढे १९१२ मध्ये वनस्पतिज तेलांच्या भवितव्याविषयी गांभीर्याने मते मांडली. लहान कारागिराला स्वस्त शक्ती मिळावी, त्याने गिरणीमालकाचे दास होऊ नये, ही त्यांची मूळची इच्छा होती. १९०३ मध्ये त्यांनी समाजरचनेवर एक पुस्तकही लिहिले; ते फारसे कोणी विकत घेतले नाही. यंत्र मात्र लहान कारागिराकडे न जाता मोठमोठ्या जहाजांवर आणि पाणबुड्यांत जाऊन बसले. १९१२ साली सेलांडिया हे डेन्मार्कचे जहाज कोपनहेगनहून बँकॉकला गेले, ते या यंत्रांच्या जोरावर.

इंधनाचा थेंब न् थेंब वाचविणाऱ्या या माणसाला घरचा जमाखर्च मात्र सांभाळता आला नाही. तेलाच्या खाणी, जमिनींचे व्यवहार यांत पैसा बुडाला. पेटंटच्या खटल्यांत गेला. वरून वाडा तसाच होता, पाहुणे येत होते, आणि आत कर्ज वाढत होते. घरच्यांना याची पुरती कल्पना नव्हती.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी ते अँटवर्प बंदरातून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाले. तेथे एका नव्या कारखान्याचे काम होते. दोन सोबत्यांबरोबर जेवण झाले, रात्री दहाच्या सुमारास ते आपल्या खोलीत गेले, आणि सकाळी सव्वासहाला उठविण्यास सांगून ठेवले. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यावर कोणी निजलेले नव्हते. टोपी आणि घडी केलेला कोट वरच्या मजल्यावर कठड्यापाशी सापडला. दहा-अकरा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात देह आढळला. खलाशांनी खिशांतील वस्तू काढून घेतल्या आणि देह पाण्यातच सोडून दिला. त्या वस्तू मुलाने ओळखल्या. निघण्यापूर्वी पत्नीपाशी दिलेली पेटी उघडली, तेव्हा तीत रोख पैसे आणि बँकेतील खाती रिती झाल्याचे कागद निघाले. त्या रात्री नेमके काय घडले हे कोणी पाहिले नाही. त्यांचे वय पंचावन्न होते.

त्यांच्या हयातीत हे यंत्र मोटारीत मावण्याजोगे नव्हते. तेल आत फवारण्यासाठी दाबलेल्या हवेचा अवजड पंप लागे. तो गेला आणि तेल थेट दाबाने सोडणारे लहान पंप आले, तेव्हा १९२० नंतरच्या दशकात मालमोटारी डिझेलवर धावू लागल्या. १९३६ मध्ये मर्सिडीझची डिझेल मोटार बाजारात आली. शंभर किलोमीटरला तिला साडेनऊ लिटरांच्या आसपास तेल लागे, आणि तशाच पेट्रोलच्या गाडीला सुमारे तेरा. आपल्याकडे १९४६ साली पुण्यात किर्लोस्करांनी ऑइल इंजिनांचा कारखाना काढला, आणि विहिरीवरचे इंजिन हा शेतकऱ्याच्या घरचा माणूसच झाला. लहान कारागिराविषयीची ती जुनी इच्छा अशा रीतीने, जरा उशिराने आणि फार दूरवर, थोडीबहुत फळाला आली. पुढे १९९४ मध्ये पुण्याची सुमो आली. तिचे नाव सुमंत मुळगावकर या अभियंत्याच्या नावातील आद्याक्षरांवरून ठेवलेले आहे, हे सांगताना आम्हां कोकणच्या माणसांची मान किंचित ताठ होते. २००० मध्ये बोलेरो आली, २००२ मध्ये स्कॉर्पिओ. आणि आमच्या पटांगणाबाहेर ज्या उभ्या होत्या त्या बहुतेक याच.

आता त्या गृहस्थांच्या तक्रारीकडे वळू. गाडीबरोबर येणारा ॲव्हरेजचा आकडा खोटा नसतो. तो श्रोएटर यांच्या परीक्षेच्याच वंशातला आहे. पुण्याच्या एआरएआय या संस्थेसारख्या ठिकाणी गाडी रुळांवर चढवून जागच्या जागी पळवितात. ज्या चाचणीवर आपल्याकडील आकडे वर्षानुवर्षे काढले गेले, ती अवघी ११८० सेकंदांची. त्यात गाडीचा वेग कधीही ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, आणि सरासरी वेग बत्तिसाच्या आसपास असतो. सर्व गाड्या एकाच मापाने मोजाव्या, यासाठी हे ठीकच आहे. पण त्या रुळांवर निर्मळचा घाट नसतो. नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर शंभराने गाडी हाकली, तर ऐंशीच्या मानाने वाऱ्याचा अडथळा दीडपटीहून अधिक होतो, आणि जीपगाडी ही उंच, चौकोनी, वाऱ्याला छाती देऊन चालणारी! त्यात टपावर सामान, आत दाटीवाटीने माणसे, चाकांत हवा कमी, मे महिन्यात थंड हवेचे यंत्र अखंड चालू, आणि बाजारात यंत्र बंद न करता उभे राहण्याची सवय. प्रत्येक जण थोडे थोडे तेल पिऊन जातो.

हा फरक किती महाग पडतो, ते आम्ही वर्गात फळ्यावर करून पाहिले. दिवसाला शंभर किलोमीटर धावणारी प्रवासी जीप पंधराऐवजी बारा देऊ लागली, तर रोज सुमारे १.६७ लिटर तेल जास्त लागते. सव्वीस दिवसांच्या महिन्यात ते ४३ लिटर होते. फळ्यावरचा तो आकडा पाहून मागच्या बाकावरचा एक मुलगा गप्प झाला. त्याच्या वडिलांची अशीच जीप आहे, हप्त्यांवर घेतलेली.

त्या मुलाच्या वडिलांची आम्ही नंतर गाठ घेतली. ते फार शिकलेले नाहीत. श्रोएटर यांचे नाव त्यांच्या कानावर जाण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या गाडीत पुढच्या कप्प्यात एक तेलकट वही आहे. टाकी काठोकाठ भरली की ते किलोमीटरचा आकडा लिहितात. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरून किती लिटर मावले ते लिहितात, आणि भागाकार मुलाकडून करवून घेतात. चाळीस लिटर मावले आणि गाडी चारशे ऐंशी धावली, तर बारा. एका टाकीवर त्यांचा भरवसा नाही, चार टाक्यांची बेरीज करून ते बोलतात. कापसाच्या हंगामातील पाने त्यांनी वेगळी राखली आहेत, पावसाळ्यातील वेगळी, आणि केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेचे दिवस त्यांनी मोजणीतून वगळले आहेत. त्या दिवसांत गाडीत किती माणसे चढतात ते आपल्यालाच सांगता येत नाही, असे ते म्हणाले.